चरबीच्या साध्या गाठीमुळे मोठ्या माणसाचं आतडं आतड्यात अडकू शकतं का?

हो, अडकतं, पण कॉमन नाही. लायपोमा म्हणजे चरबीची गाठ, कॅन्सर नव्हे, पण ती आतड्याच्या आत लोंबत असली की आतडं तिला अन्नासारखंच पुढे ढकलत राहतं आणि तिच्यासोबत तो भागच पुढच्या आतड्यात शिरतो, शर्टाची बाही आत ओढली जाते ना तसं. साधारण २ सेंमीच्या वरच्या गाठीच त्रास देतात. दुखणं येतं-जातं, म्हणून लोक महिनोन्महिने गॅस समजून ओवा खात बसतात 😅 सीटी स्कॅनमध्ये एकात एक वर्तुळं दिसतात, मधे चरबी काळी. लहान मुलांत गुदद्वारातून आत हवा भरून अडकलेलं आतडं सोडवतात, मोठ्यांत बहुतेकदा ऑपरेशनच, कारण गाठ काढावीच लागते. उलट्या, पोट फुगणं, शौचातून रक्त असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.