पहिले तीन महिने वजनकाटा आणि वार्षिक वर्गणी या दोन्हींपासून दूर राहा

नमस्कार ताई,

तुमचे वय ३९, वजन ९४ किलो, दुसरा मजला चढताना धाप लागते, सोसायटीच्या आवारात चालायला गेलात तर बाकावर बसलेल्या बायका टक लावून पाहतात आणि म्हणून तुम्ही ते चालणे आठवड्याभरात सोडून दिले, असे तुम्ही लिहिले आहे. आता घराजवळच्या एका जिममध्ये या रविवारपर्यंत वर्षाची वर्गणी निम्म्या दराने मिळते आहे आणि ‘एकदा पैसे भरले की शिस्त आपोआप लागेल’ असे घरचे म्हणत आहेत, तर ती भरावी का, हा तुमचा प्रश्न आहे. घरच्यांचे हे वाक्य माझ्याही घरी जवळपास याच शब्दांत बोलले गेले होते आणि तुम्हीही नाशिकच्याच आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे मत विचाराल तर ही वर्गणी आत्ता भरू नका. तीन महिन्यांनंतरही तेथे जावेसे वाटले, तर तेव्हा महिन्याच्या बोलीवर भरा.

मी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट नाही, त्यामुळे पुढचे सगळे एका समदुःखी बाईचे अनुभवाचे बोल म्हणून वाचावे. रक्तदाब, साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यावे हे तुम्हाला कोणी सांगायला नको. मात्र तीन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या सहसा आपणहून विचारल्या जात नाहीत. रात्री मोठ्याने घोरणे आणि दिवसा गुंगी येणे हे एकत्र असेल तर ते सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या वेळेबद्दल आणि सोबत काही गोड ठेवण्याबद्दल विचारा. चालताना छातीवर दाब येत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

मी काही वर्षांपूर्वी ज्या जिममध्ये प्रवेश घेतला, तिचे नाव येथे लिहीत नाही. पहिल्याच दिवशी मला अनवाणी एका यंत्रावर उभे करण्यात आले आणि दोन्ही हातांत त्याच्या मुठी धरायला सांगितल्या. अशी यंत्रे शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, शरीरातल्या पाण्याचा अंदाज बांधतात आणि त्यावरून चरबीचा आकडा काढतात. त्यामुळे किती पाणी प्यायलो, कधी जेवलो, नुकताच घाम गाळला का, यावर तो आकडा मागेपुढे होतो. हे मला कोणी सांगितले नाही. यंत्रातून निघालेल्या कागदावर ‘शरीराचे वय’ असा एक रकाना होता आणि माझ्या खऱ्या वयापेक्षा कितीतरी वर्षांनी मोठा असलेला तो आकडा प्रशिक्षकाने काउंटरपाशी, रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर, खणखणीत आवाजात वाचून दाखवला. त्यानंतर समोरून आणि बाजूने छायाचित्रे काढली गेली. ती वजन उतरवण्याच्या स्पर्धेसाठी भिंतीवर ‘आधी’ या शीर्षकाखाली लावली जाणार होती, आणि शेजारच्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे दर सोमवारी किलो लिहिले जाणार होते. मी हरकत घेतली तेव्हा प्रवेश अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटींमध्ये माझी संमती आधीच आलेली आहे, असे मला सांगण्यात आले.

पण त्याहून जास्त नुकसान त्या खोलीत करवून घेतलेल्या व्यायामाने केले. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींच्या तुकडीतच मला उभे केले गेले आणि लाकडी खोक्यावर उड्या, उडी मारून उठाबशा, हात टेकून पाय मागे फेकणे हे सगळे मोठ्या आवाजाच्या गाण्याच्या तालावर सुरू झाले. गुडघ्यात कळ आल्याचे सांगितले, तर ‘मॅडम, दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ असे उत्तर मिळाले. वजनदार माणसाच्या गुडघ्याचे साधे गणित ज्याला माहीत नाही त्याने त्या माणसाला व्यायाम शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. सपाट जमिनीवर शांतपणे चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिना उतरताना तो त्याहून वाढतो आणि उडी मारून खाली येताना आणखी वाढतो. ज्यांचे गुडघे झिजू लागले आहेत अशा वजनदार, प्रौढ व्यक्तींच्या अभ्यासात असेही दिसले आहे की एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे वजन उतरल्यावर जे कदाचित झेपले असते, ते पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून करून घेतले गेले. गुडघा सुजला आणि जमिनीवर बसणे बंद झाले.

वर्गणी परत मागायला गेले तेव्हा व्यवस्थापक नेहमीच बाहेर गेलेले असत. शेवटी भेटले तेव्हा पैसे परत करण्याची पद्धत नाही, फार तर सदस्यत्व नात्यातल्या कोणाच्या नावावर करता येईल, आणि तुम्ही नेटाने आला असता तर गुडघा मोकळा झाला असता, असे तीन जबाब एका दमात मिळाले. सूज काही आठवड्यांत उतरली, पैसे गेले ते गेलेच. पण त्यानंतर कितीतरी महिने व्यायाम हा शब्द कानावर पडला की मला तो फळा दिसत असे आणि त्या धास्तीने मी साधे फिरायला जाणेही टाळत असे. मला सर्वांत महाग पडले ते हे. ज्याला आधीच चारचौघांत आपल्या देहाचा संकोच वाटतो, त्याचा देह चारचौघांत मोजायचा, यात प्रोत्साहन कसले आहे हे मला आजही कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

सगळ्या जिम अशा नसतात, हे लिहिलेच पाहिजे. पुढे तुम्हाला एखादी निवडावीशी वाटली, तर ज्या वेळेला तुम्ही जाणार त्याच वेळेला एकदा जाऊन नुसते बसा आणि पाहा. प्रशिक्षक तुम्हाला वजनाच्या आधी गुडघे, कंबर आणि औषधे यांबद्दल विचारतो का, महिन्याच्या बोलीवर वर्गणी घेण्याची तयारी आहे का, आणि छायाचित्र काढू देणार नाही असे म्हटल्यावर त्याच्या बोलण्यात फरक पडतो का, एवढ्यावरून पुरेसे समजते.

आता सुरुवात कशी करावी याबद्दल. सोसायटीचे आवार सोडा, कारण तेथे तुम्हाला सगळे नावाने ओळखतात आणि प्रत्येक फेरीला त्याच बाकासमोरून जावे लागते. तुम्ही दुपारच्या सत्रात शाळेत शिकवता, तेव्हा सकाळचा उशिराचा वेळ तुमच्या हातात आहे, आणि तोच सर्वांत चांगला. गोल्फ क्लब मैदानावरच्या ट्रॅकवर भल्या पहाटे धावणारे आणि झपाझप चालणारे असतात. मागून येणाऱ्यांना वाट देता देता जीव घाबरा होतो. ऊन फार तापायच्या आत, साडेआठच्या सुमारास, तेथे वेगळीच माणसे दिसतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी, बायपासनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलेले काका, साडीवर बूट घालून रमतगमत चालणाऱ्या बायका. त्यांच्यात तुमच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. कृषिनगरचा ट्रॅकही चांगला आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र इतक्यात नकोत, कोणी कितीही आग्रह केला तरी नकोत; चढताना दम लागतो एवढेच आपल्याला जाणवते, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते.

चालण्याचा वेग कोणत्याही घड्याळावर ठरवू नका. चालता चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा मध्यम व्यायामाचा जुना आणि विश्वासार्ह निकष आहे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत, तीही मध्ये बाकावर टेकून केली तरी चालतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवते, हे तुम्ही वाचले असेल आणि वाचून धसकाही घेतला असेल. त्याच संघटनेच्या आधीच्या सूचनांमध्ये एका वेळी सलग निदान १० मिनिटे व्हावीत अशी अट होती, ती २०२० च्या सूचनांमधून काढून टाकली गेली. थोडे थोडे चालणेही धरले जाते. दहा हजार पावलांच्या आकड्याचे तर मुळीच दडपण घेऊ नका. तो १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या, पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला, कोणा वैद्याने तो आजाऱ्यांसाठी ठरवला नव्हता. आजच्याइतकेच उद्या पुन्हा चालावेसे वाटेल, अशा बेताने थांबायचे, हा पहिल्या महिन्याचा माझा एकमेव नियम. उत्साहाच्या भरात एका दिवशी तासभर चालून पुढचे चार दिवस तंगड्या वर करून पडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

चालण्याइतकेच महत्त्व मी खुर्चीवरून उठण्या-बसण्याला देते. चाके नसलेली, जरा उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हातांचा आधार लागेल तेवढा घ्यायचा आणि सावकाश उठायचे, त्याहून सावकाश बसायचे. आठ-दहा वेळा झाले की थांबायचे. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या आणि भिंतीला तळहात टेकवून जोर काढायचे. हे सगळे स्वयंपाकघरात होते, कोणी पाहत नाही, आणि मांड्यांचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यांचे दुखणे कमी होते. पावसाळ्यात ट्रॅकवर चिखल असतो तेव्हा माझा सगळा व्यायाम हाच असतो.

दोन गोष्टी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत, म्हणून लिहिते. चालताना मांड्या एकमेकींवर घासून काचतात, आणि त्या जळजळीमुळे कित्येकजणी चालणे सोडतात व कारण मात्र दुसरेच सांगतात. कुडत्याखाली गुडघ्यापर्यंतची घट्ट, ताणली जाणारी चड्डी घाला आणि निघण्यापूर्वी मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावा. दुसरे, छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या. खांदे आणि पाठ दुखण्याचे एक कारण तिचा अभाव हेही असू शकते. बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पावले थोडी सुजतात आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जिमची निम्मी वर्गणी वाचणार आहे, तिच्यातून एवढे घ्या.

गुडघे फारच कुरकुरत असतील, तर पाण्याचा विचार करा. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर येणारे वजन जवळपास निम्मे होते, त्यामुळे पोहता येत नसले तरी उथळ बाजूला नुसते चालणे हाही उत्तम व्यायाम आहे. त्र्यंबक रस्त्यावरच्या महापालिकेच्या तलावावर स्त्रियांसाठी वेगळी वेळ आहे का आणि पाण्यात चालू देतात का, याची आधी चौकशी करा. पोहण्याच्या कपड्यांचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो आणि अनेकजणी तोच वापरतात.

वजनाबद्दल तुम्हाला आधीच सावध करते, कारण येथे निराशा ठरलेली असते. खाण्यात बदल न करता नुसते चालल्याने वजन फारसे उतरत नाही. पण काटा हलला नाही तरी रक्तदाब आणि साखर यांवर चालण्याचा चांगला परिणाम होतो, झोप सुधारते आणि धाप कमी होते. म्हणून पहिले तीन महिने काटा माळ्यावर ठेवा. दुसरा मजला चढल्यावर दाराची किल्ली लावताना हात थरथरतो का, याकडे लक्ष द्या आणि शिवलेल्या कुडत्याची कंबर पाहा. आहाराबद्दल मी मुद्दामच काही लिहीत नाही. त्यासाठी तुमचे तपासणीचे आकडे पाहिलेला आहारतज्ज्ञ हवा.

वर्गणी तुम्ही आधीच भरली असेल आणि ती अडकली असेल, तर तोंडी हेलपाटे घालू नका. लेखी मागणी करा, पोच घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. निकाल काय लागेल याची हमी मी देऊ शकत नाही, पण हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर मी त्या काउंटरपुढे इतक्या वेळा ताटकळले नसते.

आणि घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल. शिस्त लागण्यासाठी त्यांना खरोखर काही द्यायचे असेल, तर पैशांऐवजी सकाळी आठ ते नऊ हा वेळ त्यांच्याकडून मागून घ्या. त्या तासात मुलांचे डबे, दूधवाला, गॅसचा सिलिंडर आणि दारावरची बेल हे सगळे दुसरे कोणीतरी पाहील, असे रविवारच्या आत, सगळे जेवायला बसलेले असताना, स्पष्ट ठरवून घ्या. बुधवार किंवा गुरुवारपर्यंत कोणीतरी ‘आज एक दिवस जरा राहू दे ना’ असे म्हणेलच. तेव्हा बूट घालून बाहेर पडा आणि डब्याचे काय ते त्यांना पाहू द्या.