वाचकांचे प्रश्न : लॉरिमरच्या गॅझेटियरात दुबई कुठे गेली?

प्रश्न : आखातातून मुंबईला येणाऱ्या मोत्यांवर लिहितो आहे. जॉन गॉर्डन लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेलं इराणी आखात, ओमान आणि मध्य अरबस्तानाचं गॅझेटियर कतार डिजिटल लायब्ररीवर मिळालं, पण ‘दुबई’ शोधली तर सापडत नाही. त्यातले आकडे जसेच्या तसे घ्यावेत का?

उत्तर : दुबई आहे, पण ‘दिबई’ या स्पेलिंगने; रोमन ‘यू’च्या जागी ‘आय’ घालून शोधा. दोहाच्या शेवटी जादा ‘एच’ आहे. अक्षरांवर-खाली टिंबं नि रेघा असल्यामुळे संगणकाने वाचलेला मजकूर जागोजागी चुकतो. त्यापेक्षा दुसरा खंड उघडून शब्दकोशासारखी पानं चाळा, ते लवकर होतं. गाव लहान असेल तर त्याची वेगळी नोंद नसते. त्या टापूच्या नोंदीतले गावांचे तक्ते पाहा.

खंडांचा क्रम फसवा आहे. भूगोलाचा दुसरा खंड १९०८ मध्ये आधी छापला गेला. इतिहासाचा पहिला खंड १९१५ मध्ये, म्हणजे लॉरिमर वारल्यावर वर्षभराने. कर्झनच्या काळात सहा महिन्यांचं म्हणून हाती घेतलेलं काम असं लांबलं. तेव्हा गावांच्या आकड्यांपुढे १९१५ घालू नका. ते त्याच्या दहाएक वर्षं आधीचे आहेत. लोकसंख्या ही शिरगणती नव्हे. बहुतेक ठिकाणी घरं मोजून माणसांचा अदमास बांधलेला आहे, म्हणून ‘सुमारे’ हा शब्द गाळू नका.

तुमचा खरा ऐवज पहिल्या खंडाच्या मोत्यांवरच्या परिशिष्टात आहे. तिथे ‘चव’ हे माप भेटेल (जिभेची नव्हे). हे वजन नव्हे, आणि नवखा माणूस इथेच घसरतो. मुंबईच्या मोतीबाजारात वजन टांकात घेत, एका टांकाच्या २४ रती. टांकांचा वर्ग करायचा, त्याला ३३० ने गुणायचं आणि मोत्यांच्या संख्येने भागायचं, की चव निघते. एक टांकाचा एकच मोती ३३० चव; अर्ध्या टांकाचा १६५ नव्हे, ८२.५. भाव चवीवर ठरायचा, म्हणून वजन निम्मं झालं की त्याच दराने किंमत चौथ्यावर येते. लॉरिमरचे दर रतीवर बसवाल तर सगळा हिशेब कोलमडेल. बहारीनची चव वेगळी, ती मुंबईच्या चवीत मिसळू नका.

आणखी एक. १८७३ पर्यंत आखाताचा कारभार मुंबई सरकारकडे होता, त्यामुळे त्याआधीच्या मूळ कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा. जाण्याआधी मुंबई प्रांतिक सेवेतल्या जे. ए. सालदान्हा यांनी केलेले आखाताच्या कागदपत्रांचे गोषवारे चाळा. लॉरिमरपेक्षा रुक्ष आहेत, पण कोणतं पत्र कोणत्या तारखेचं हे त्यांतून कळतं, आणि दप्तर मागवताना तेच लागतं.