अंगावर येणारी पुस्तकं वाचावीशी वाटतात म्हणजे आपल्यात काही बिघडलंय का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेलं वर्षभर तुम्ही अत्याचार, लैंगिक शोषण, घरातली मारझोड, ज्यांचा उच्चारही चारचौघांत होत नाही अशा गोष्टी यांवरचीच पुस्तकं एकामागून एक वाचताय. आई म्हणते, "असलं घाणेरडं वाचून डोकं फिरेल." आणि आता तुम्हालाच शंका यायला लागलीय की आपलं काही बिघडलंय का, आणि वाचायचीच तर ही पुस्तकं वाचायची कशी.

काही बिघडलेलं नाही. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात मी २१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले. अशी पुस्तकं कोण नेतं, कशी नेतं, हे रोज पाहिलं. नेणाऱ्यांत बायका जास्त. पुस्तक नोंदवायला टेबलावर ठेवताना त्यावर एखादा दिवाळी अंक नाहीतर पाककृतींचं पुस्तक ठेवायच्या. परत यायचं तेव्हा वर्तमानपत्राचं कव्हर चढलेलं असायचं. एकदा परत आलेल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं, अगदी फिकट, 'हो' एवढंच लिहिलेलं दिसलं. पुस्तकात कुणी काही लिहिलं असेल तर ते खोडून मगच कपाटात लावायचं, असा आमचा नियम. मी खोडरबर हातात घेतला, शेजारचा परिच्छेद वाचला आणि पुस्तक तसंच लावून टाकलं.

म्हणून आधी हे सांगते. जे लोक असं वाचतात त्यांतल्या कितीतरी जणांना त्यात आपलं काहीतरी सापडलेलं असतं. आणि ज्यांच्यावर तसं काही ओढवलेलं नाही, ते का वाचतात? माझं उत्तर माझ्या अनुभवातून आलंय. ते थोडं लांबून सांगावं लागेल.

'खोडा घालणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. लग्नात खोडा घातला, बढतीत खोडा घातला. मीही करायची. मग बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वाचलं. पुस्तक १९८६ चं. लेखिका फलटणला छोटं दुकान चालवायच्या आणि घरच्यांपासून वह्या लपवून कित्येक वर्षं लिहीत होत्या. त्यात त्या काळच्या महारवाड्यातल्या कोवळ्या सुनांचं वर्णन आहे. आठ-दहा वर्षांच्या पोरी. सासरचा जाच सोसेना म्हणून माहेरी पळायच्या, माहेरचे पुन्हा आणून सोडायचे. मग अशा सुनेच्या पायात सासरचे खोडा अडकवायचे, म्हणजे जड लाकडी ओंडका. तो ओढत तिनं घरातलं सगळं काम करायचं. पाय सोलवटायचा, रक्त यायचं. काही जणींची तर नाकं कापली जायची.

त्या पानावर मी थांबले. पुस्तक मिटून पालथं ठेवलं आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. तो शब्द मी आयुष्यभर वापरला होता आणि त्यातला ओंडका मला कधी दिसला नव्हता. त्यानंतर आजतागायत तो शब्द मला सहज वापरता आलेला नाही.

त्याच पुस्तकाबद्दलची आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली आला. त्यासोबत बेबीताईंची मुलाखत आहे. तिच्यात त्या सांगतात की त्यांनाही नवऱ्याचा मार खावा लागला होता, तो संशय घ्यायचा. आणि हे त्यांनी आपल्या आत्मकथनात जवळजवळ येऊच दिलं नाही, कारण सगळ्याच बायका सोसत असताना आपलं एकटीचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. लोकांच्या नाकाला झोंबेल एवढं स्पष्ट लिहिणारी ही बाई. तिलाही स्वतःच्या घरातलं सांगायला एवढी वर्षं आणि समोर विचारणारं कुणीतरी लागलं. हे कळल्यावर मी अशी पुस्तकं वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. पानावर जे आलंय त्याच्या मागे न आलेलंही बरंच असतं, हे लक्षात ठेवून.

आता माझी गोष्ट. माझी मामेबहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. (ती हे लिही म्हणाली आहे, म्हणून लिहितेय.) काही वर्षांपूर्वी श्रावणात तिच्याकडे गेले होते. दुपारी आम्ही दोघी बिरडं सोलत बसलो होतो. मोड आलेला वाल कोमट पाण्यात, मधे परात, एकेक दाणा चिमटीत दाबला की साल सुटते. बोलणं चाललं होतं कुणाच्या तरी साखरपुड्याचं. त्याच सुरात, वर न बघता ती म्हणाली, "मी आठवीत होते ना, तेव्हा आपल्याकडे राहायला यायचे ते काका..." आणि सांगत गेली. तिचे हात थांबले नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी एक अक्षर बोलले नाही. मीही सोलत राहिले. "अगं बाई!" म्हटलं नाही. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे तर नाहीच. "जाऊ दे, आता कशाला आठवायचं?" हेही नाही. ती दोन-चार वाक्यांनी गप्प व्हायची, दहा-बारा दाणे सोलून व्हायचे, मग पुढचं वाक्य यायचं. मला घाई नव्हती. सगळं सांगून झाल्यावर मी एवढंच म्हणाले, "तुझी काहीच चूक नव्हती, ताई." तेव्हा कुठे तिनं हात पुसले.

मी जात्याच अशी समजूतदार नव्हे. तरुणपणी एका मैत्रिणीनं मला असंच काही सांगायला सुरुवात केली होती आणि मी घाबरून विषय बदलला होता. ते मला अजून टोचतं. मधल्या वर्षांत मी काय केलं असेल, तर ही पुस्तकं वाचली. माणूस असं सांगतो तेव्हा सरळ रेषेत सांगत नाही, मधेच भलतंच बोलतो, तारखा चुकतात, कधी हसतोसुद्धा, हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं. ऐकणाऱ्यानं डोळे वटारले की तो मिटतो, हेही. नाहीतर हे शिकायला जावं कुठे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याचा २००७ सालचा अभ्यास आहे. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून केलेला. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि छळणारे निम्म्याच्या आसपास ओळखीतले किंवा विश्वासातले होते. म्हणजे तुमच्याशी परातीपलीकडून कुणीतरी कधीतरी बोलणार आहे. तयारी असलेली बरी.

आईंच्या 'घाणेरडं' या शब्दावर दोन वाक्यं. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० साली श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. त्यात पोटावर लाथ बसून गर्भपात झालेल्या स्त्रीच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरनं त्याला हरकत घेतली. शेवटी डाग निळा केला गेला आणि तो निळा डाग लाल समजावा, असं प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं. तिच्या पोटावर बसलेल्या लाथेपेक्षा साडीवरचं रक्त लोकांना जास्त खुपतं, ही सवय आपल्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली आहे. आईंना दोष देऊ नका.

पण प्रत्येक अंगावर येणारं पुस्तक चांगलं असतं असंही नाही. हल्ली काही कादंबऱ्यांत एकाच माणसावर संकटांची रास ओतलेली दिसते. वीस पानं झाली की पुढचा अत्याचार, त्याचं बारकाईनं वर्णन, आणि तो सोसणारा माणूस कोण आहे, त्याला काय आवडतं, कशाचा राग येतो, याचा पत्ताच नाही. अशी पुस्तकं मी अर्ध्यावर सोडते आणि मला त्याचं काही वाटत नाही. उलट उर्दू लेखक मंटोची 'खोल दो' ही कथा घ्या. फाळणीच्या दंगलीत सिराजुद्दीनची मुलगी सकीना हरवते. तिला शोधून आणू म्हणणारे तरुण भेटतात. शेवटी ती डॉक्टरांसमोर निपचित पडलेली आहे. डॉक्टर खिडकीकडे बोट दाखवून म्हणतात, खोल दो. तिचे निर्जीव हात सलवारीच्या नाडीकडे जातात. बाप आनंदानं ओरडतो की मुलगी जिवंत आहे, आणि डॉक्टरला दरदरून घाम फुटतो. अत्याचाराचं एक वाक्य नाही, फक्त हात. वाचून संपल्यावर तुम्हाला ती मुलगी आठवते की तिच्यावर झालेला प्रकार आठवतो, यावरून मी पुस्तक पारखते.

वाचायची कशी, तर मी रात्री वाचत नाही. दिवसा, शक्यतो घरात कुणीतरी असताना. जड झालं की पान दुमडून ठेवते आणि हाताचं काम काढते. एक पुस्तक मी असं तीन वर्षं ठेवलं होतं. लेखकानं सोसून लिहिलंय म्हणून आपण ते दात-ओठ खाऊन संपवलंच पाहिजे, असं कुणी सांगितलेलं नाही. आणि तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला जरा काळजीची वाटली, ती म्हणजे 'फक्त हीच' आणि 'एकामागून एक'. मधे दुसरं काही येऊ द्या, अगदी पक्ष्यांवरचं, प्रवासाचं. पाठोपाठ वाचलं की दहावं पुस्तक नुसतं वरून वाहून जातं, आणि ते त्या दहाव्या माणसावर अन्याय करणारं आहे.

एक गोष्ट मात्र स्वतःला खरेपणानं विचारा. वाचताना झोप उडते का, जेवण जात नाही का, एखादा वास, एखादी खोली, एखादा आवाज पुन्हा पुन्हा डोक्यात येतो का? तसं असेल तर पुस्तकं कदाचित तुमचंच काही जुनं वर काढतायत. ते एकटीनं पुस्तकाच्या भरवशावर पेलू नका. समुपदेशकाकडे जा. सुरुवातीला नुसतं फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ वर आहे. आणि वाचता वाचता आसपासच्या एखाद्या लहान मुलाबद्दल शंका यायला लागली असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करायला कचरू नका.

आईंशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी चहाच्या वेळेला त्यांना 'जिणं आमुचं'मधलं ते खोड्याचं पान तेवढं मोठ्यानं वाचून दाखवा. आणि वाचून झालं की लगेच काही बोलू नका. चहा होऊ द्या. त्या काय म्हणतात, किंवा कुणाची आठवण काढतात, ते ऐका.