स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कानातला आवाज वाढतो की कमी होतो?

आपण निपाणीहून विचारले आहे की, वडिलांच्या कानात तीन वर्षांपासून शिट्टीसारखा आवाज येतो, महिन्याभरापूर्वी सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून रात्री तो आवाज जास्त जाणवू लागला आहे, तर गोळ्या बंद कराव्यात का. पहिले उत्तर एवढेच की, आपल्या मनाने बंद करू नका. महिनाभर ही गोळी पोटात गेल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे कमी करते, आणि गोळी एकाएकी थांबवली तर माणूस गळून जातो, रक्तदाब उतरतो, क्वचित प्राणावरही बेतते. ती डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते. पुढचे उत्तर देताना मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल, कारण ‘स्टेरॉइड बंद करा’ या तीन शब्दांनी आमच्या घरी एका कानाचे मोठे नुकसान केले आहे, असे माझे आजही ठाम मत आहे.

बेळगावात वडगावला आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात सहा यंत्रमाग आहेत. मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते, माग यजमान पाहतात. २०१९ च्या जूनमध्ये एके दिवशी सकाळी ते उठले आणि म्हणाले की डाव्या कानाला दडा बसला आहे, आत कुकरची शिट्टी अडकल्यासारखी वाजते आहे. त्यांनी मोबाइल डाव्या कानाला लावला, मग उजव्या कानाला, पुन्हा डाव्या कानाला लावला आणि माझ्याकडे पाहत राहिले. डाव्या बाजूला माझ्या भावाचा आवाज त्यांना येतच नव्हता. आदल्या रात्री झोपताना तो कान धडधाकट होता.

गल्लीतल्या डॉक्टरांनी बॅटरीने कानात पाहिले, मळ आहे म्हणाले आणि पाच दिवस थेंब घालायला सांगितले. थेंबांनी फरक पडला नाही तेव्हा आमचे थोरले दीर घरी आले. सगळे आयुष्य त्यांचे मागांवर गेले आहे आणि घरात त्यांचा शब्द मोडण्याची पद्धत नाही. ते म्हणाले, ‘अरे, मागवाल्याचा कान वाजणारच. माझे दोन्ही वाजतात, मी कुठे दवाखाना गाठला?’ लसूण घालून कोमट केलेले तेल सुरू झाले. अशा रीतीने तेरावा दिवस उजाडला आणि त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढून यजमानांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी जे केले ते मी जवळून पाहिले आहे. त्यांनी नादकाटा, म्हणजे आपटला की एकाच सुरात वाजणारा धातूचा दुबेळका चिमटा, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा यजमानांच्या कपाळावर मधोमध टेकवला. ‘आवाज कुठल्या कानात येतो?’ यजमानांनी उजव्या, म्हणजे चांगल्या कानाकडे बोट केले. डॉक्टर लगेच म्हणाले की हा मळ नव्हे, ही नस आहे. मळाने कान बंद झाला असता तर आवाज बंद कानाकडे सरकला असता. आतला कान किंवा त्याची नस दुखावली असली की आवाज चांगल्या कानाकडे जातो. एका मिनिटाची ही परीक्षा आहे. नादकाटा नसेल तर ओठ मिटून ‘हूं’ करून पाहिले तरी अंदाज येतो. हे मला त्या पहिल्या दिवशी माहीत असते, तर तेलाची वाटी मी चुलीवर ठेवूच दिली नसती.

दिरांच्या बोलण्यात अर्धे तथ्य होते आणि तेच जास्त घातक ठरले. मागाच्या धोट्याचा खटखटाट वर्षानुवर्षे सोसल्याने कान जातो हे खरेच आहे, परंतु तो साधारणपणे दोन्ही बाजूंनी, सावकाश आणि आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून जातो. तपासणीच्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खळगा दिसतो. एका रात्रीत एकच कान बंद पडणे हे वेगळे दुखणे आहे. बहात्तर तासांच्या आत आवाजाच्या सलग तीन पट्ट्यांत तीस डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकू येणे कमी झाले, तर त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. बहुतेकांत त्याचे नेमके कारण सापडत नाही, आणि नसेवर गाठ नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय सांगतात. यजमानांचा डावा कान पंचाहत्तर डेसिबलवर गेला होता, म्हणजे त्याहून हळू आवाज त्याला ऐकूच येत नव्हता.

या दुखण्यात स्टेरॉइड देतात आणि तेथे दिवस मोजावे लागतात. गोळ्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितके बरे. दोन ते सहा आठवड्यांच्या मधल्या काळात कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन देऊन राहिलेले काही सुधारते का ते पाहतात. आम्ही तेराव्या दिवशी पोहोचलो होतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी नाश्त्यानंतर एकदम साठ मिलिग्रॅम, चौदा दिवस, नंतर उतरवत न्यायची, सोबत पित्ताची गोळी आणि रोज साखर तपासायची, असे ठरले. पाचव्या दिवशी जेवणानंतरची साखर दोनशे ऐंशी आली. दीर आले, त्यांनी पाकीट उचलून खिशात घातले आणि म्हणाले, ‘स्टेरॉइड म्हणजे विष आहे, आईचे काय झाले आठवत नाही का?’

सासूबाईंचे मला आठवते, म्हणूनच मी दिरांना मूर्ख म्हणत नाही. दम्यासाठी कुणा वैदूकडून आणलेल्या नाव नसलेल्या पुड्या त्यांनी दोन वर्षे खाल्ल्या. तोंड सुजले, हाडे ठिसूळ झाली आणि शेवटी घरातल्या घरात पडून खुबा मोडला. त्या पुड्यांत स्टेरॉइड होते हे नंतर कळले. मात्र दोन वर्षे कुणाच्या देखरेखीशिवाय खाल्लेली पुडी आणि तीन आठवड्यांची मोजून दिलेली गोळी या एकच गोष्टी नव्हेत, हे मी त्या दिवशी दिरांसमोर उभी राहून ठासून सांगायला हवे होते. मी गप्प बसले. तीन दिवस गोळ्या खिशात राहिल्या. चौथ्या दिवशी मी फोन केला तेव्हा डॉक्टर चांगलेच रागावले. साखर वाढणे अपेक्षितच होते, त्यासाठी फिजिशियनकडे पाठवून औषध देता आले असते, त्यासाठी कान सोडून द्यायचा नव्हता, असे त्यांनी सुनावले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, नंतर पडद्यातून चार इंजेक्शनेही झाली. प्रत्येक इंजेक्शनानंतर यजमान अर्धा तास डावा कान वर करून कुशीवर पडून राहत आणि गिळायचेसुद्धा टाळत, कारण औषध घशात उतरून गेले तर ते आतल्या कानाला मिळत नाही.

तीन महिन्यांनी डावा कान पंचेचाळीस डेसिबलवर आला. शिट्टी गेली नाही. तिचा सूर मात्र खाली आला. आता लांबवरच्या गिरणीसारखी घरघर आहे आणि माग चालू असताना ती त्यांना जाणवत नाही. दीर आजही चारचौघांत म्हणतात की गोळ्यांनी कान वाजायला लागला. थेंबांची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, तिच्यावर तारीख आहे आणि ‘कानात आवाज’ असे लिहिलेले आहे. पहिली स्टेरॉइडची गोळी त्यानंतर बाराव्या दिवशी पोटात गेली. ज्याला वाद घालायचा असेल त्याने आधी तारखा पाहाव्यात.

आता तुमच्या वडिलांविषयी. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि तिकडून येणारा संदेश तुटला की मेंदू आपलाच आवाज चढवतो, तोच शिट्टीसारखा ऐकू येतो. तीन वर्षांच्या जुन्या आवाजाला म्हणूनच स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्ट लिहिले आहे की, केवळ आवाजासाठी कानात अशी इंजेक्शने सरसकट देऊ नयेत, आणि जिंकगो या झाडाच्या अर्काच्या किंवा झिंकच्या गोळ्याही सुचवू नयेत. जुना कर्णनाद, म्हणजे कानातला हा आवाज, घालवून देतो असे सांगून कुणी इंजेक्शनांचे पॅकेज पुढे केले तर उठून यावे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने आवाज मागे पडतो, आणि त्रास मनावर फार घेतला जात असेल तर समुपदेशनाने खरोखर फरक पडतो.

स्टेरॉइडमुळे आवाज वाढला का, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकासारखे ते कानाच्या पेशी मारणारे औषध नव्हे. परंतु ते झोप उडवते, रक्तदाब व साखर चढवते, मन अस्वस्थ करते. आणि रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस कानातला आवाज दिवसापेक्षा दुप्पट ऐकतो. गोळी संध्याकाळी घेत असतील तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सांधेदुखीसाठी सोबत ॲस्पिरिनचा मोठा डोस चालू असेल तर तोच आवाज वाढवत असेल, आणि तो डोस कमी केल्यावर सहसा आवाज उतरतो. सगळी पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता, तोंडी नावे सांगू नका.

आणखी एक, जे आपल्या सीमाभागातच कळते. कानाच्या तपासणीत शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावतात. यजमानांना ते शब्द कन्नडमध्ये ऐकवले. बाजारापुरते कन्नड त्यांना येते, पण मागेपुढे संदर्भ नसलेला सुटा शब्द दुखऱ्या कानाने ओळखणे त्यांना जमेना, आणि निकाल इतका वाईट आला की मी हादरले. मी विनंती केल्यावर तेथल्या मुलीने मराठी शब्द वाचून तपासणी पुन्हा केली, तेव्हा तो बराच सुधारला. भाषेचे अज्ञान कानाच्या खात्यावर लिहिले जात होते. वडील घरी मराठी बोलत असतील तर मराठीतच तपासा असे आधीच सांगा. यात भांडणाचा प्रश्न नाही, ती तपासणीच मातृभाषेत करायची असते.

मी डॉक्टर नाही. शिवाय हेही लिहिले पाहिजे की, या दुखण्यात बऱ्याच जणांचा कान औषधाविनाही काही प्रमाणात परत येतो. त्यामुळे यजमानांचे तीस डेसिबल गोळ्यांनी आले, इंजेक्शनांनी आले की आपोआप आले, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ते तीन दिवस वाया गेले नसते तर शिट्टीही गेली असती असे मला वाटते, पण सिद्ध करता येत नाही. गेलेले तेरा दिवस मात्र दिरांच्या हिशेबातून मी वजा करणार नाही.

वडिलांच्या कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, एकाच कानात असेल, किंवा चक्कर येत असेल, तर मी वर लिहिलेले बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा. एक कान अचानक बंद पडला असेल तर त्याच दिवशी जा, मग बेळगावला असो वा कोल्हापूरला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना परतल्यावर कळवा.