जुन्या 520डीवर नऊ लाख घालावेत, की नवी वेगवान गाडी घ्यावी?

प्रश्न : वडिलांनी 2012 मध्ये नवी घेतलेली बीएमडब्ल्यू 520डी सध्या मी वापरतो. गाडी सव्वा लाख किलोमीटरच्या जवळ आली आहे. 2019 आणि 2021 च्या दोन्ही पुरांच्या वेळी ती आम्ही आधीच मिरजेला नातेवाइकांकडे हलवली होती, त्यामुळे तिला पाणी लागलेले नाही. बेदाण्याच्या व्यापारामुळे तासगाव, पंढरपूर, पुणे अशा फेऱ्या सतत होतात. मागच्या सीटवर बहुधा आई असते आणि तिला गुडघ्यांचा त्रास आहे. अलीकडे गाडी पूर्वीसारखी उचल घेत नाही. पुण्यातील एका गॅरेजने रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून ताकद वाढवणे), मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, 19 इंची चाके आणि मोकळा एक्झॉस्ट असे सर्व मिळून नऊ लाख रुपये सांगितले आहेत. दुसरीकडे 2020 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 विक्रीला आहे, तर मित्रांचा आग्रह नव्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचा आहे. घरात ही एकच गाडी आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य माझ्या मते नऊ लाखांचे नसून ‘गाडी पूर्वीसारखी उचल घेत नाही’ हे आहे. आपली 520डी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या 1995 सीसी इंजिनाची ताकद 184 अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, 380 न्यूटन मीटर होता, आणि ती शून्यापासून ताशी 100 किलोमीटरचा वेग सुमारे 8.1 सेकंदांत गाठत असे. आजच्या मापानेही हे आकडे सुस्त गाडीचे नाहीत. म्हणजे आपल्या गाडीची ताकद मुळात कमी आहे असे नसून ती कुठेतरी गळते आहे, आणि ती कुठे गळते हे शोधण्याआधीच जास्तीची ताकद विकत घेण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. हा क्रम मला मान्य नाही.

या वयाच्या डिझेल इंजिनात ताकद कमी होण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारे रबरी होस पाइप उष्णतेने कडक होऊन चिरतात आणि दाबाची हवा बाहेर जाते. अशा चिरेच्या भोवती तेलाचा ओशट काळा थर दिसतो. ईजीआरमधून (एक्झॉस्टचा काही धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेतून) परत येणारी काजळी आणि इंजिनातील तेलाची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, डांबरासारखी साचते आणि हवेची वाट अरुंद होते. इंजेक्टर नीट फवारा देत नाहीत. हे सर्व स्कॅनर लावून, टर्बोचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी ठेवून तपासता येते. एखादा चांगला मेकॅनिक अर्ध्या दिवसात आपल्याला सांगू शकेल की दोन आकड्यांत फरक किती आहे. ही तपासणी न करता केलेला रिमॅप म्हणजे चिरलेल्या पाइपातून अधिक दाबाने हवा सोडणे होय.

दुसरी गोष्ट चेनची, आणि तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला निर्णय खरोखर तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या गाडीत एन47 जातीचे इंजिन आहे. या इंजिनाची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारी साखळी) पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे, त्यामुळे ती बदलायची तर सहसा इंजिन बाहेर काढावे लागते. चेन झिजण्याच्या तक्रारी प्रामुख्याने 2011 पर्यंतच्या इंजिनांबाबत झाल्या. आपली गाडी त्यानंतरची असली तरी इतक्या किलोमीटरनंतर निर्धास्त राहू नये. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बॉनेट उघडे ठेवून दुसऱ्या कोणाला तरी सुरू करायला सांगा आणि आपण स्वतः काचेच्या बाजूला, म्हणजे इंजिन जिथे केबिनच्या भिंतीला टेकते तिथे, कान द्या. डिझेलची नेहमीची टकटक वेगळी. तिच्याखाली पत्रा घासल्यासारखा सरसर आवाज येत असेल आणि वेग 1500 ते 2000 आरपीएमवर नेल्यावर तो अधिक स्पष्ट होत असेल, तर आधी चेनचे पाहा, बाकी सर्व नंतर. धावत्या इंजिनात चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच निकामी होते.

त्याच भेटीत ईजीआर कूलरबद्दलही, म्हणजे परत फिरणारा धूर थंड करणाऱ्या भागाबद्दलही, विचारून घ्या. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या अनेक डिझेल गाड्यांना आगी लागल्या, त्यांत 520डीची संख्या मोठी होती. ईजीआर कूलरमधून गळणारे कूलंट हे त्याचे कारण ठरले आणि त्यानंतर अनेक देशांत गाड्या परत बोलावण्यात आल्या. आपल्या गाडीचा चासी क्रमांक अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन तिच्यावर असे काही काम बाकी आहे का, हे लेखी विचारावे. कूलंटची पातळी गळती दिसत नसतानाही वारंवार खाली जात असेल तर थांबू नये.

गिअरबॉक्स झेडएफचा आठ गतींचा आहे आणि तो उत्तम आहे. मात्र ‘यातील तेल आयुष्यभर पुरते’ या समजुतीने आपल्याकडे अनेक गाड्यांचे तेल कधीच बदलले जात नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर, किंवा आठ वर्षे, अशी मर्यादा सांगते. फिल्टर तेलाच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनही बदलावा लागतो, आणि नवे तेल भरताना इंजिन चालू ठेवून तेलाचे तापमान मोजावे लागते. हे मोजण्याचे साधन ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

आईंच्या गुडघ्यांसाठी जी एक गोष्ट सर्वांत जास्त उपयोगी पडेल, ती गॅरेजच्या यादीत नाही. आपल्या गाडीला बहुधा रनफ्लॅट टायर असतील. पंक्चर झाल्यावरही चालता यावे म्हणून त्यांच्या बाजू कडक असतात आणि आष्टा किंवा तासगावच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या आत पोहोचवतात. त्याच मापाचे चांगले साधे टायर घातले, लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्यांचे रबरी सांधे) आणि थकलेले शॉकअॅब्सॉर्बर बदलले आणि अलाइनमेंट नीट करून घेतली, तर आईंना गाडी बदलल्यासारखे वाटेल. साधे टायर घातल्यावर डिकीत पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ठेवावा लागेल, एवढीच अट. याउलट 19 इंची चाके आणि खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा यांनी मागची सीट बसण्याच्या लायकीची उरणार नाही, आणि गावोगावच्या गतिरोधकांवर गाडीचे पोट घासेल. मागे आई बसणार असतील तर हा खर्च चुकीच्या दिशेने जातो, असे मी स्पष्टच म्हणतो.

आता रिमॅप आणि मोठ्या टर्बोविषयी. याच आकाराच्या एन47 इंजिनातून 525डीसाठी 218 अश्वशक्ती काढायची वेळ आली, तेव्हा बीएमडब्ल्यूने केवळ संगणकातील आकडे वाढवले नाहीत, तर एकाऐवजी दोन टर्बोंची रचना केली. ज्यांनी इंजिन घडवले त्यांनी सुमारे 34 अश्वशक्तीसाठी एवढा विचार केला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. सौम्य रिमॅप निरोगी इंजिनाला सोसतो, हे खरे आहे. पण वाढलेला टॉर्क जुन्या टर्बोवर, जुन्या इंजेक्टरवर आणि इंजिनाच्या बेअरिंगांवर पडतो. मोठा टर्बो बसवला की कमी आरपीएमवरची उचल उलट मंदावते. संध्याकाळी पेठ ते सांगली रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या ओलांडताना आपल्याला नेमकी तीच उचल हवी असते.

कायद्याची बाजूही आपल्या विरुद्ध आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही तरतूद ठामपणे मांडली आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या गाडीची 15 वर्षांची नोंदणी 2027 मध्ये संपते. त्यानंतर पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल, आणि तेव्हा मोकळा एक्झॉस्ट व खाली बसलेली गाडी अधिकाऱ्यांसमोर उभी करावी लागेल. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध दिल्ली परिसरापुरते आहेत, महाराष्ट्रात नाहीत. त्या भीतीने गाडी विकू नये.

विम्याचे गणित तर अधिकच स्पष्ट आहे. पाच वर्षांवरील गाडीची विम्यातील किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. न कळवलेले बदल त्या किमतीत धरले जात नाहीत, आणि अपघातानंतर ते आढळले तर दावाच नाकारला जाऊ शकतो. नऊ लाखांचे काम विम्यात दिसणार नाही आणि विकतानाही वसूल होणार नाही, कारण जुनी आलिशान गाडी घेणारा जाणकार गिऱ्हाईक बदल न केलेलीच गाडी शोधतो.

नव्या गाड्यांकडे वळू. व्हर्टस जीटीचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन 150 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क देते. गाडी बरीच हलकी असल्यामुळे ती चपळ वाटते, 2023 मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने तिला सुरक्षिततेचे पाच तारे दिले आणि वॉरंटीचे सुख वेगळेच. परंतु ती आपल्या निरोगी 520डीपेक्षा वेगवान नाही, आणि मागच्या सीटची ऐसपैस जागा व महामार्गावरची शांतता या दोन्ही बाबतींत आपल्या घरच्या गाडीच्या खाली आहे. मित्रांचा सल्ला चुकीचा नाही. तो फक्त आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही. आरएस 245 ची गोष्ट निराळी. 245 अश्वशक्ती, 370 न्यूटन मीटर, 100 चा वेग 6.6 सेकंदांत, आणि एवढे असूनही प्रशस्त डिकी व घरगुती वापराला सोयीचा आकार. ही गाडी मला मनापासून आवडते. पण 2020 मध्ये ती पूर्ण तयार अवस्थेत आयात होऊन भारतात केवळ 200 आली. तिचे खास बंपर किंवा ब्रेकचे भाग लागले तर वाट पाहावी लागू शकते, आणि घरात एकच गाडी असलेल्या व्यापाऱ्याला ही वाट महाग पडते.

ती पाहायला गेलातच, तर पुराचे पाणी लागलेले आहे का हे आधी पाहा. 2019 आणि 2021 नंतर पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतले गुंडाळलेले टोक सहसा कोणी धूत नाही, आणि गाळाची पिवळट रेघ तिथे राहते. स्टेपनीच्या खळग्यातील कोपरे आणि सीटखालच्या वायरिंगच्या जोडण्याही बघाव्यात, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागून घ्यावा.

आपण सध्या 520डीची पूर्ण तपासणी करून घ्यावी. चेन आणि ईजीआर कूलर ठीक असतील, तर होस पाइप, इनटेकची सफाई, गिअरबॉक्सचे तेल, बुश, शॉकअॅब्सॉर्बर, ब्रेक आणि साधे टायर एवढ्यावर खर्च करावा. तो नऊ लाखांच्या बराच आत राहील. लेमफोर्डर, झेडएफ, बॉश यांसारख्या मूळ पुरवठादारांचे सुटे भाग त्यांच्याच नावाच्या खोक्यात घेतल्यास कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतात. चेनचा आवाज निघाला आणि खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊ लागला, तर मात्र खरेदीदाराला दोष सांगून गाडी विकावी आणि व्हर्टस घ्यावी. एकच गाडी असलेल्या घरात वॉरंटी वेगापेक्षा मोठी आहे. पुढे घरात दुसरी गाडी आली, की आरएसचा विचार जरूर करा.

प्रश्न : माझी 2011 ची होंडा अॅकॉर्ड 2.4 पेट्रोल उत्तम चालते. यंदा नोंदणीची 15 वर्षे पूर्ण होतात. मुलगा म्हणतो, स्पोर्ट्स एक्झॉस्ट बसवून ठेवा, नाहीतर विकून टर्बो पेट्रोल गाडी घ्या. शिवाय ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची काळजी वाटते.
— एक निवृत्त प्राध्यापक, सातारा

उत्तर : एक्झॉस्ट बसवू नका, आवाज वाढेल, ताकद जवळजवळ तेवढीच राहील आणि नूतनीकरणाच्या तपासणीत अडचण येईल. मुदत संपण्यापूर्वी 60 दिवसांच्या आत अर्ज करता येतो. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी 5,000 रुपये आहे आणि त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो.

ई20 बाबत आपली काळजी रास्त आहे. आपली गाडी त्या इंधनासाठी बनवलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने अॅव्हरेज थोडे घटेल, परंतु इंजिन लगेच बिघडेल असे नव्हे. लक्ष रबरावर ठेवा. इंधनाचे होस, इंजेक्टरचे ओ-रिंग आणि टाकीतील पंपाचे सील एकदा बदलून इथेनॉल सोसणारे घालावेत. गाडी महिनोन्‌महिने अर्धी टाकी घेऊन उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात त्याला ओलाव्याची वाण नसते. आठवड्यातून एकदा पाचवडपर्यंत महामार्गावर चक्कर मारून आणली तरी गाडीला पुरेसे आहे.