पुण्याचा परवाना कोल्हापुरात कशाला?

प्रश्न : ताराबाई पार्कातल्या आमच्या सोसायटीत मी दोन मांजरं पाळते. सेक्रेटरींनी पुण्यातल्या मांजर-परवान्याची बातमी ग्रुपवर टाकली आणि सात दिवसांत परवाना दाखवा, नाहीतर पाच हजार दंड, असं लिहिलं. 'पोत्यात भरून पंचगंगेपलीकडे सोडतो' असंही एका सभासदाने तिथेच लिहिलं. काय करू?

उत्तर : ताई, पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठी परवाना आणला, तो पुण्याच्या हद्दीपुरता. दोन्ही शहरांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमच लागू आहे. त्याच्या कलम १२७ मध्ये कुत्र्यांवरच्या कराचा उल्लेख आहे, मांजरांवरच्या नाही. तरी तोंडी वाद घालू नका. कोल्हापूर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज टाका : मांजर पाळण्यास परवाना सक्तीचा करणारा ठराव किंवा उपविधी असल्यास प्रत द्यावी. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांत, विषय एकच. उत्तराची मुदत ३० दिवस. पोच असलेली प्रत सेक्रेटरींना द्या. नियम निघालाच तर शुल्क भरून मोकळ्या व्हा.

ग्रुपवर मेसेज टाकून दंड बसत नाही. तो सर्वसाधारण सभेने आधी ठरवलेला हवा, मग कारणे दाखवा नोटीस, मग तुमचं म्हणणं. हे टाळून रक्कम मेंटेनन्सच्या बिलात घातली, तर बिल 'हरकत नोंदवून' भरा, थकवू नका. थकबाकीदार ठरलात की मूळ मुद्दा बाजूला पडतो. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करा. बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं पशू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, तेही जोडा.

पोत्याच्या धमकीचा स्क्रीनशॉट ठेवा. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे वडापावचा खर्च. पण पाळलेलं मांजर उचलून नेणं ही चोरी, आणि विष घातलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद.

तुमची कच्ची बाजू परवान्यात नाही, उपद्रवात आहे. बोका असेल तर पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर नसबंदी करा, शेजाऱ्यांच्या स्कूटरवर लघवीचे फवारे मारणं बरंचसं थांबतं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी; कार्डावर लशीचा बॅच नंबर चिकटवून घ्या, कुणाला ओरखडा बसला तर पहिल्यांदा तेच मागतील. मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमधली बेंटोनाइटची (एक प्रकारच्या चिकणमातीची) वाळू संडासात ओतू नका. ती पाण्यात फुगते, पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना लेखी तक्रारीचं खरं कारण मिळतं. मांजरं पडू नयेत म्हणून डक्टला (इमारतीतल्या पाइपांच्या मोकळ्या जागेला) मात्र आजच जाळी लावा.