आधी माणूस ठरव, मग वस्तू

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुंबईची नोकरी सुटल्यावर तू घरी परतलास, अर्ज पाठवणे चालू आहे, पण उत्तरांची वाट पाहण्यात दिवस सरतो आणि संध्याकाळी मन खचते, असे तू लिहिले आहेस. वेळ जाण्यासाठी एखादी हस्तकला शिकवाल का, असेही विचारले आहेस. शिकवीन, आणि अगदी मनापासून शिकवीन. माझी अट एकच आहे: काय करायचे हे ठरवण्याआधी ते कोणासाठी करायचे हे ठरवून ये. अनेक वर्षे मुलांना हातकाम शिकवताना मी हे पाहत आले आहे की, ‘काहीतरी करू’ म्हणून घेतलेले काम अर्धवट पडून राहते आणि अमुक माणसाला द्यायचे म्हणून घेतलेले काम कंटाळवाण्या टप्प्यावरही हातातून सुटत नाही.

याचे कारण आपल्या सणांत शोधलेस तर सापडेल. गौरीच्या दिवसांत आपल्याकडे कोकणात ओवसा होतो, तो तू लहानपणापासून पाहिला आहेस. नव्या सुनेची सुपे भरली जातात, ती गौरीपुढे ओवसली जातात, आणि मग तीच सुपे घेऊन ती घरातल्या व भावकीतल्या वडीलधाऱ्यांना वाण देते. कोणाचे सूप राहिले, कोण या वर्षी आजारी म्हणून त्यांच्याकडे आपणच जायचे, याचा हिशेब घरातल्या बायका आधीच मांडून ठेवतात. मला त्या साऱ्या विधीत तो हिशेब सर्वांत मोलाचा वाटतो. माणसे एकेक करून आठवावी लागतात, आणि जोवर आपण दुसऱ्याला असे नीट आठवत असतो तोवर आपले दुःख मनाच्या मध्यभागी बसू शकत नाही.

माटवीचेही तसेच आहे. चतुर्थीच्या आधी रानातून तेरडा, हरणाची फुले, कवंडाळ, शेरवड आणायची, आंब्याचे टाळे नि नारळ बांधायचे, आणि गणपतीच्या डोक्यावरची ती चौकट भरून काढायची. विसर्जनानंतर ती उतरते, पाने सुकलेली असतात, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. तेव्हा आपल्या हातची वस्तू टिकेल का, शोभेल का, लोक काय म्हणतील, या काळजीने सुरुवात लांबवू नकोस. सुरंगीचा वळेसर, म्हणजे त्या फुलांचा गजरा, तर सकाळी कळ्या उमलण्याआधी काढून गुंफावा लागतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवली-आसोलीकडच्या बायका ते काम दर मोसमात करतात, आणि वळेसर वाळल्यावरही त्याचा वास जात नाही हे ज्याला तो मिळतो त्यालाच कळते.

आता आशेविषयी लिहिते, कारण तुझ्या पत्रात मला तिचीच उणीव अधिक जाणवली. हातकामाला स्वतःचा काळ असतो आणि तो आपल्या मनःस्थितीला विचारून चालत नाही. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवावी लागतात, मग ती बडवून काथ्या सुटा होतो, आणि त्यानंतर कुठे सुंभ वळता येतो. आज सोडणे पुरणाऱ्याने पुढचा हंगाम मनात धरलेलाच असतो. बांधावरचा माणगा, म्हणजे आपला बांबू, तोडतानाही त्या वर्षीचा कोवळा कोंब राखून ठेवतात. आशा ही केवळ मनाची अवस्था आहे असे आपण समजतो, म्हणून ती येण्याची वाट पाहत बसतो. परंतु ज्या कामाचा पुढचा टप्पा उद्यावर ठेवलेला आहे असे एक काम घरात असले, तर सकाळी उठण्याला एक कारण मिळते, आणि तूर्त तेवढे पुरेसे आहे असे मी मानते.

सावंतवाडीला चितारआळीत, म्हणजे चितारी कारागिरांच्या आळीत, तू गेला असशीलच. तिथली लाकडी फळे, पाट आणि भातुकली सर्वांना माहीत असते, पण तू एकदा राजवाड्यात जाऊन गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने हाताने रंगवलेले पत्ते, रंगवताना पाहावेस असे मी आग्रहाने सांगते. दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात; प्रत्येक अवताराची 12, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि बाकीची एक ते दहा चिन्हांची. म्हणजे परशुरामाच्या दहा पानांवर मिळून 55 परशू काढायचे, मत्स्याच्या पानांवर तितकेच मासे, आणि संपूर्ण संचात अशी 550 चिन्हे. हे सारे हाताने, बारीक कुंचल्याने. पूर्वी पाने कापडाची असत. त्यांना चिंचोक्यांच्या खळीचे थर देऊन, वाळवून, घोटून मगच रंग लागे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला जवळजवळ थांबली होती. त्या वेळी सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुने जाणकार पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली, राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन शिकायला बसल्या, आणि नव्या मुलांना राजवाड्यात काम मिळाले. एका वृद्ध कारागिराच्या हातातले ज्ञान वेळेवर कोणीतरी मागितले, म्हणून आज ते पाहायला मिळते. तुझ्या वाडीतही इरले विणणारे, सुंभ वळणारे, झाप विणणारे एखादे म्हातारे माणूस असेल. त्यांच्याकडे जा, शेजारी बस, आणि ‘मला दाखवा’ असे म्हण. त्या मागण्यानेही त्यांना काहीतरी दिल्यासारखे होईल, आणि हे मी केवळ सौजन्य म्हणून लिहीत नाही. कोणी विचारायला आले की अशा माणसांचा चेहरा कसा बदलतो ते मी जवळून पाहिले आहे.

वस्तू विकता येतील का, हा प्रश्न तुझ्या मनात आहेच. विकण्यात कमीपणा काहीच नाही, चितारआळीतली घरे त्यावरच चालत आली आहेत. पण पहिल्या काही वस्तू दे, विकू नकोस. किंमत लावली की नजर लगेच दोषांकडे जाते, आणि शिकाऊ हाताला त्या आधी सवलत मिळायला हवी. तसेच नोकरीचे अर्ज थांबवू नकोस. सकाळ अर्जांना, दुपार हाताला, अशी विभागणी कर. आणि एक गोष्ट थोरल्या माणसाच्या अधिकाराने सांगते: झोप पार उडाली, जेवण नकोसे झाले किंवा जगणेच नको असे वाटू लागले, तर हातकामावर विसंबून राहू नकोस. डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर लगेच बोल. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पहिली वस्तू आकाशकंदील असावी असे मी सुचवते. चाकरमानी गणपतीला धावत येतात, पण दिवाळीला सर्वांनाच रजा मिळत नाही, त्यामुळे वाडीत एखादे घर असे असतेच की जिथे दोन म्हातारी माणसे आहेत आणि कंदील टांगायला वर चढणारे कोणी नाही. ते घर निवड. त्यांच्या पडवीचे वासे किती उंच आहेत, वारा कुठून येतो, रात्री उठल्यावर त्यांना उजेड नेमका कुठे लागतो, हे गप्पांच्या ओघात पाहून घे. कंदिलाचा आकार त्यावरून ठरेल. कामट्या सारख्या जाडीच्या तास, नाहीतर चौकट पिळते. सांधे आधी दोऱ्याने आवळ आणि चौकट जमिनीवर ठेवून डुगडुगत नाही ना ते पाहा. पतंगी कागदाला खळ पातळ लाव. ओला असताना तो सैल दिसेल, पण वाळला की ताणून बसतो, म्हणून घाईने पुन्हा ओढू नकोस. आत लहान एलईडी दिवा पुरे.

कंदील देताना ‘साधाच आहे’ असे म्हणू नकोस. स्वतः टांगून दे, दिवा लावून दाखव, आणि चहाला थांब म्हणाले तर थांब.

त्यानंतर गोधडी घेऊ, कारण थंडी येते आहे आणि तुझ्या आजीची जुनी लुगडी पेटीत आहेत असे तुझी आई मागे म्हणाली होती. ते काम लांबलचक आहे, धावदोऱ्याच्या ओळीमागून ओळी घालाव्या लागतील, आणि मला तुझ्यासाठी नेमके तसेच काम हवे आहे. आजीला विचारून त्यांतली कोणती फाडायची नाहीत ते आधी ठरवून घे. शनिवारी दुपारी जेवून ये. कोयती माझ्याकडे आहे; कामट्यांसाठी एक सरळ माणगा आणि ज्या घरासाठी कंदील करायचा त्या पडवीचे माप तेवढे घेऊन ये.

तुझ्या,
बाई